भाग २७ : कागद की स्क्रीन? आजीच्या पुस्तकाच्या निमित्ताने

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा जे आत्ता लोकलमध्ये उभे आहेत आणि इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती. बोलताना मी जे सारखं ‘म्हणजे’ आणि ‘काय म्हणतात त्याला’ करते, त्यातलं निम्मं काढलंय. निम्मं राहिलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी सुचवला होता. पुस्तक कागदावर वाचावं की स्क्रीनवर? खरं सांगू का, हा विषय मी वर्षभर टाळत होते. कारण यावर बोलायला लागलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, नव्या पुस्तकाचा वास! दुसरी म्हणते, एका खिशात हजार पुस्तकं! आणि मग वास विरुद्ध खिसा यावरच चर्चा संपते.

पण गेल्या दिवाळीत मी साताऱ्याला आजीकडे गेले आणि हा प्रश्न माझ्या गळ्यातच पडला.

आमचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. सातारा, मेढा, बामणोली, केळघर घाटातून महाबळेश्वर, असे सगळे रूट त्यांनी केले. रिटायर झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि २००२ साली साताऱ्यातल्याच एका छापखान्यातून स्वतःच्या पैशानं पुस्तक छापून घेतलं. ९६ पानं, ३०० प्रती. त्यातल्या निम्म्या लग्नाकार्यांत वाटल्या, उरलेल्या माळ्यावर. आजोबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आजी दरवर्षी त्यांच्या तिथीच्या आसपास ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

या दिवाळीला मी विचारलं, तर म्हणाली, “नाही गं वाचलं या वेळी. अक्षराकडे बघितलं की अक्षर पळतं.”

आजी ८१ वर्षांची आहे. तिला मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग बारीक बघण्यासाठी असतो, तोच वयानुसार खराब होत जातो. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. दारातून कोण आलं ते कळतं, पण चेहरा कळत नाही. वाचताना आपण नेमकं मधल्या भागानंच वाचतो, म्हणून ते ‘पळणं’. भिंग होतं तिच्याकडे, पण भिंगात एका वेळी तीन अक्षरं मावतात. तीन-तीन अक्षरांनी ९६ पानं वाचून बघा.

मी इंजिनियर ना, लगेच म्हणाले, “आजी, हे तर सोपं आहे. ई-रीडर आणते. अक्षर हवं तेवढं मोठं करायचं.” दिवाळीत बोलले. प्रत्यक्षात व्हायला गुढीपाडवा उजाडला. मधल्या पाच महिन्यांत मला जे कळलं, तोच आजचा भाग.

पहिली गोष्ट म्हणजे ‘स्क्रीन’ असा एकच प्रकार नसतो. आपण फोन, टॅबलेट, लॅपटॉप आणि किंडलसारखा ई-रीडर या सगळ्यांना एका पोत्यात घालतो आणि मग भांडतो. फोनचा पडदा स्वतः उजेड देतो. एलसीडी असेल तर मागून बल्ब, ओएलईडी असेल तर प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा. म्हणजे आपण दिव्याकडे बघत वाचतो. ई-रीडर हा वेगळाच प्राणी आहे. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलं आणि १९९७ मध्ये त्याची ई इंक नावाची कंपनी झाली. त्या पडद्यात लाखो बारीक कुप्या असतात, एकेक कुपी साधारण केसाच्या जाडीची. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे आणि काळे कण. पांढऱ्यांवर धन भार, काळ्यांवर ऋण भार. खालून ज्या भाराची वीज द्याल त्याप्रमाणे एक रंग वर तरंगतो, दुसरा तळाला जातो. अक्षर उमटलं की वीज बंद. ते तिथंच राहतं, शाई वाळल्यासारखं. म्हणून तर चार्जिंग संपून मेलेल्या किंडलवरही शेवटचं चित्र दिसत राहतं. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन येतो ना, तेव्हा हे कण हलवून जागेवर बसवले जातात, नाहीतर मागच्या पानाची पुसट सावली राहते.

सोनीनं २००४ मध्ये जपानमध्ये असं पहिलं वाचनयंत्र विकलं. पण गाजलं ते २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं किंडल. किंमत ३९९ डॉलर आणि काही तासांत माल संपला. २०१२ च्या पेपरव्हाइटपासून त्यात दिवाही आला, पण तो मागून नाही. पडद्याच्या कडेला बसवलेले छोटे दिवे पडद्यावर उजेड पाडतात, आपण टेबललॅम्प पुस्तकावर पाडतो तसा. पहिल्या किंडलला इंचाला १६७ ठिपके होते, आता बऱ्याच ई-रीडरना ३०० असतात. इंग्रजीला हा फरक एवढा जाणवत नाही, आपल्याला जाणवतो. ‘तत्त्व’, ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द कमी ठिपक्यांत वाचायचे म्हणजे अंदाजपंचे. जोडाक्षराच्या पोटात काय चाललंय ते दिसायला ठिपके लागतातच.

तर मी ई-रीडर मागवला. आणि मागवल्यावर शंका आली की वाचलेलं डोक्यात तेवढंच जातं का? माझा स्वतःचा अनुभव वाईट होता.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम्स होतं. सीनियरनी दिलेली ८०० पानांची पीडीएफ मी चार रात्रींत लॅपटॉपवर खाली सरकवत ‘वाचली’. पेजिंग कळलं, डेडलॉक कळला, सगळं गोड गोड कळलं. पेपरात बँकर्स अल्गोरिदमचं गणित आलं. मला त्यातलं ‘बँकर्स’ हे नाव आठवत होतं, आणि पानावर एक मोठा तक्ता होता हे आठवत होतं. तक्त्यात काय होतं ते नाही. बॅकलॉग लागला. पुढच्या सेमिस्टरला लायब्ररीतली जाडजूड प्रत आणून, कच्च्या वहीत गणितं करून सुटले.

तेव्हा मला वाटलं होतं की आपण आळशी आहोत. म्हणजे, होतेच! पण यावर इस्रायलमध्ये झालेला एक छान प्रयोग आहे, २०११ चा, ॲकरमन आणि गोल्डस्मिथ यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना माहितीपर मजकूर दिला, काहींना कागदावर, काहींना स्क्रीनवर. जेव्हा वेळ ठरवून दिला होता, तेव्हा दोघांचे मार्क सारखेच आले. पण जेव्हा सांगितलं की ‘हवा तेवढा वेळ घ्या, झालं असं वाटलं की थांबा’, तेव्हा स्क्रीनवाले मागे पडले. आणि वर त्यांना आपल्याला जास्त कळलंय असंही वाटत होतं. मला हा निकाल फार पटतो, कारण यात दोष डोळ्यांचा नाही, अक्षरांचा नाही. ‘आता झालं, पुरे’ हा जो आतला आवाज असतो, तो स्क्रीनवर लवकर येतो. पाच वर्षांचे असल्यापासून स्क्रीन म्हटलं की आपण वरवर बघायला शिकलोय, तीच सवय पाठ्यपुस्तकालाही लागते.

२०१८ मध्ये स्पेन आणि इस्रायलच्या संशोधकांनी असे ५४ अभ्यास एकत्र करून बघितले. त्यात एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर असेल, त्यातही वेळेचं बंधन असेल, तर कागद पुढे. फरक थोडा आहे, पण आहे. गोष्टीरूप मजकुरात मात्र कागदाचा असा फायदा दिसला नाही. आणि एक गंमत. ‘नवी पिढी स्क्रीनवरच वाढली, त्यांना फरक पडणार नाही’ असं आपण समजतो ना? २००० ते २०१७ या काळात हा फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला.

झोपेबद्दलही सगळे विचारतात, तर पटकन. एका प्रयोगात १२ जणांना पाच रात्री झोपण्याआधी चार तास फुल ब्राइटनेसच्या आयपॅडवर वाचायला लावलं, आणि पाच रात्री छापील पुस्तक. आयपॅडच्या रात्री झोप साधारण १० मिनिटं उशिरा लागली आणि झोप आणणारं मेलाटोनिनही कमी झालं. चार तास, फुल ब्राइटनेस, १० मिनिटं. माझ्या मते आपली झोप उजेडापेक्षा ‘अजून एक रील’ जास्त खातं.

आणि फोनचं खरं दुखणं तेच आहे. फोनवर पुस्तक वाचणं म्हणजे भर बाजारात पाट मांडून जेवायला बसणं. जेवण चांगलं असेल हो, पण लक्ष राहणार का? मी एकदा कादंबरीचं प्रकरण वाचता वाचता दुधाचे पैसे यूपीआयनं दिले, भावाला मीम पाठवलं आणि परत आले तेव्हा कादंबरीतला माणूस मेलेला होता. कधी मेला, मला पत्ता नाही. ई-रीडर याबाबतीत मंद आहे आणि त्याचं ते मंद असणंच मला आवडतं.

त्यामुळे माझं स्वतःचं आता असं झालंय. ज्यावर परीक्षा आहे, मग ती कॉलेजची असो नाहीतर ऑफिसातली, ते कागदावर, पेन्सिल हातात घेऊन. कादंबऱ्या ई-रीडरवर. कविता आणि अभंग शक्यतो कागदावरच. याचं कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. फोनवर अक्षर थोडं मोठं केलं की कवितेची ओळ मध्येच तुटून खाली येते. कवीनं ओळ कुठं संपवली आणि पडद्यानं कुठं संपवली, कळतच नाही. अभंगाचा चरण असा मोडलेला बघवत नाही.

मालकीचा मुद्दाही आहेच. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून त्यांनी विकत घेतलेली काही पुस्तकं परस्पर पुसून टाकली, कारण ती दुकानात चढवणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले. पुस्तकं कुठली होती माहितीय? जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. कुणी गोष्ट म्हणून लिहिलं असतं तर संपादकानं ‘फार ओढून ताणून आहे’ म्हणून परत पाठवलं असतं. एका शाळकरी मुलानं त्यावर केलेल्या टिपणांची वाट लागली, तो कोर्टात गेला. जेफ बेझोसनी जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले. पण आप्पा बळवंत चौकातला दुकानदार दुकान बंद करताना तुमच्या घरी येऊन कपाटातलं पुस्तक उचलून, हातावर पैसे ठेवून जात नाही.

आजोबांच्या पुस्तकाला ही भीती नव्हती. लेखक आमचे, हक्क आमचे. मला फक्त फाइल हवी होती. ९६ पानं संगणकावरच जुळवलेली, म्हणजे फाइल असणारच!

छापखान्याचे काका अजून आहेत. आता फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करतात. त्यांनी कपाटातून सीडी काढून दिली, वर मार्करनं आजोबांचं नाव. माझ्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही, तो मागून आणला. सीडीवर पेजमेकरची फाइल निघाली. पेजमेकर हे तेव्हाचं पानं लावायचं सॉफ्टवेअर, आपल्याकडचं सगळं डीटीपी त्यावर चालायचं. त्याचं शेवटचं व्हर्जन २००१ सालचं. म्हणजे पुस्तक छापलं तेव्हाच ते सॉफ्टवेअर म्हातारं झालेलं. काकांकडे एक जुना एक्सपीवाला पीसी होता, खास याच कामासाठी जपलेला. त्यावर फाइल उघडली, मजकूर बाहेर काढला, पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले आणि उघडला.

एक अक्षर मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह, टोप्या घातलेले ‘ए’. ९६ पानं नुसती तशीच.

आता इथं थांबून जरा नीट सांगते, कारण मराठी ई-पुस्तकांचं खरं घोडं इथंच पेंड खातं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आज आपण फोनवर ‘क’ टाइप करतो तेव्हा आत २३२५ हा आकडा साठतो. हा ‘क’चा युनिकोडमधला क्रमांक. साताऱ्यातल्या फोनवर, न्यू जर्सीतल्या लॅपटॉपवर, किंडलवर, सगळीकडे २३२५ म्हणजे ‘क’च. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोयही आली. पण पेजमेकरला ते कधीच आलं नाही. त्याच्याकडे एका फॉन्टमध्ये फक्त २५६ घरं, तीही इंग्रजीच्या हिशोबानं. मग आपल्या लोकांनी काय केलं? इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रं बसवली. संगणक समजतो आपण इंग्रजी अक्षर दाखवतोय, वरचा फॉन्ट तिथं अर्धा ‘ग’ काढतो. श्रीलिपी, आयएसएम अशी सॉफ्टवेअरं त्या काळी याच वाटेनं गेली, आणि त्यांच्यामुळेच मराठी छपाई खिळ्यांतून संगणकावर आली. तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. पण प्रत्येक कंपनीनं चित्रं आपापल्या घरांत ठेवली. कुणाचा ‘क’ कुठं, कुणाचा कुठं. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो कचरा.

म्हणून १९९० नंतरच्या वीसेक वर्षांतल्या कितीतरी मराठी पुस्तकांची फाइल असूनही नसल्यासारखी असते. प्रकाशक मग पीडीएफ देतो. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा, ओळी जिथल्या तिथं खिळलेल्या. फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि आपण एकेक ओळ बोटानं डावी-उजवीकडे ढकलत वाचतो. त्यात शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर कचरा येतो, फोनला वाचून दाखवायला सांगितलं तर तो बिचारा इंग्रजी समजून काहीतरी बरळतो. ‘मला स्क्रीनवर मराठी वाचवत नाही बुवा’ असं म्हणणारे बरेच लोक खरंतर स्क्रीनला नाही, या पीडीएफला कंटाळलेले असतात.

तुम्ही म्हणाल, मग छापील पानांचे फोटो काढून ओसीआर का नाही केलं? केलं ना. ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, आणि मराठीला ते आता बऱ्यापैकी जमतं. पण पिवळ्या पडलेल्या कागदावर, पसरलेल्या शाईवर अनुस्वार आणि रफार गळतात. आजोबांच्या ‘घंटी’ची ‘घटी’ झाली, आणि कंडक्टरच्या पुस्तकात घंटी किती वेळा येत असेल विचार करा.

मग शेवटी मीच पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. आधी तक्ता केला, कुठलं इंग्रजी चिन्ह म्हणजे कुठलं मराठी चित्र. छापील पुस्तक एका हातात, कचरा समोर, आणि ओळीला ओळ लावत १८० च्या आसपास जोड्या निघाल्या. तेवढ्यानं झालं असतं तर एका शनिवारात संपलं असतं. पण हे फॉन्ट अक्षरं ज्या क्रमानं दिसतात त्या क्रमानं साठवतात, आणि युनिकोड ज्या क्रमानं आपण उच्चारतो त्या क्रमानं. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. ‘सूर्य’मध्ये रफार ‘य’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाइलमध्ये तो ‘य’च्या नंतर. पण आपण बोलताना ‘र’ आधी म्हणतो, म्हणून युनिकोडमध्ये तो उचलून ‘य’च्या आधी न्यायचा. ‘ग’, ‘त’, ‘प’ असली अक्षरं तर अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन तुकड्यांत. प्रत्येक नियमाला अपवाद, प्रत्येक अपवादाला पुन्हा अपवाद. ऑफिसात दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री घरी येऊन वेलांट्या उचलून ठेवायच्या, असे दोन महिने गेले.

मजकूर सरळ झाल्यावर त्याचा ईपब केला. ईपब म्हणजे काही जादू नाही, वेबपानं एकत्र बांधून केलेली झिप फाइल. त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं बसतात. जे मला पहिल्यापासून हवं होतं.

पाडव्याला ई-रीडर घेऊन साताऱ्याला गेले. आजीनं हातात घेतला, अक्षर सगळ्यात मोठं केलं. सहा इंची पडदा, पाच ओळी, ओळीत दोन-तीन शब्द. दर वीस सेकंदांनी पान उलटायचं आणि दर वेळी तो काळा झटका. थोडं वाचलं, मग म्हणाली, “छान आहे गं,” आणि शेजारी ठेवून चहा टाकायला उठली. घरच्यांना ‘छान आहे’चा अर्थ माहीत असतो.

माझा तोपर्यंतचा सगळा अभ्यास ‘डोळ्यांना ई-इंक चांगलं’ यावर उभा होता. पण ते धडधाकट डोळ्यांचं झालं. आजीच्या आजारात अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक ओळखायची ताकदच कमी होते. तिला भरपूर उजेड आणि ठळक फरक लागतो. ई-इंकचा पांढरा हा खरा पांढरा नसतोच, करडा असतो, आपल्या वर्तमानपत्राच्या कागदासारखा. मी ज्या गुणासाठी तो घेतला तोच तिच्यासाठी दोष निघाला. संध्याकाळी काकाचा जुना दहा इंची टॅबलेट घेतला, ब्राइटनेस पूर्ण वर, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, बोटाएवढी. जे आपल्याला रात्री करू नका म्हणून सांगतात ते सगळं.

आजी वाचायला लागली. मोठ्यानं, थांबत थांबत. केळघर घाटात गाडी बंद पडते आणि आजोबा प्रवाशांना उतरवून दरडीच्या कडेनं चालवत नेतात, ते प्रकरण. मध्येच थांबली. “हे डोंगरदर्या काय लिहिलंय? ह्यांनी डोंगरदऱ्या लिहिलं होतं.”

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. मराठीतला हा आडवा ‘र’ युनिकोडमध्ये वेगळा साठवावा लागतो, माझ्या स्क्रिप्टनं सगळीकडे रफार करून टाकला होता. अख्ख्या जावळी खोऱ्यात मी समुद्र आणून ठेवला होता. मी तपासताना माझ्या डोळ्याखालून ते तीनदा गेलं होतं. स्क्रीनवर, अर्थातच.

दुसऱ्या दिवशी बघते तर टॅबलेट स्टूलवर उभा आणि मांडीवर छापील पुस्तक उघडं. “आजी, ते तर तुला दिसत नाही ना?” तर म्हणाली, “दिसत नाही, पण कुठं आहे ते कळतं. बामणोलीच्या बाळंतिणीचं डाव्या पानावर खाली होतं. तुझ्या ह्यात ते कुठं गेलं तेच कळंना.”

मला लगेच ॲन माँगेन यांचा २०१९ मधला प्रयोग आठवला. त्यांनी ५० जणांना एकच २८ पानी गोष्ट वाचायला दिली, निम्म्यांना किंडलवर, निम्म्यांना छापील. गोष्ट दोघांनाही जवळपास सारखीच कळली. पण कुठला प्रसंग आधी, कुठला नंतर, आणि तो पुस्तकात साधारण कुठे होता, हे छापीलवाल्यांना जास्त बरोबर सांगता आलं. त्यांचा अंदाज असा की डाव्या हातातली पानं वाढत जातात, उजव्या हातातली कमी होतात, ते बोटांना कळत असतं आणि आठवण त्याला धरून बसते. किंडलचं वजन पहिल्या पानाला आणि शेवटच्या पानाला तेवढंच. आजीनं तर ते पुस्तक कितीतरी वेळा वाचलेलं, तिच्या हातात त्याचा नकाशाच आहे.

ईपबमध्ये छापील पानांचे आकडे घालायची सोय असते, फारसं कुणी वापरत नाही. मी त्या रात्री बसून ९६ खुणा घातल्या. आता टॅबलेटवर समासात मोठ्ठा आकडा येतो, ‘पान ४३’, आणि आजी मांडीवरच्या पुस्तकात ४३ वं पान काढते. तो आकडाही तिला दिसत नाही. पानांच्या जाडीवरून अंदाजानं उघडते, मी असले तर मला विचारते, “त्रेचाळीसच आहे ना?” बहुतेक वेळा एक-दोन पानं इकडेतिकडे असतं. मग वाचते टॅबलेटवरचं, हात पुस्तकावर.

सध्या ती ६१ व्या पानावर आहे. पुढच्या भागात फोन मराठी मोठ्यानं वाचून दाखवतात ते कसं, आणि ‘च’ ‘चहा’तला की ‘चार’मधला यात ते का गडबडतात, यावर बोलू. त्याआधी मला आजीनं काल फोनवर लिहून घ्यायला लावलेल्या अकरा चुका दुरुस्त करायच्यात. त्यातली एक आजोबांचीच आहे, छापील पुस्तकातही तशीच आहे. तिला हात लावायचा नाही म्हणाली.